घरचा कागद

वसई,
१४ जून १९९८

प्रिय लतिका,

हे पत्र मनोरमा टीचरच्या घरी बसून लिहिते आहे. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर टाक. आमच्या घरी आलेलं पाकीट फेबियन आधी फोडतो आणि मग विचारतो कुणाचं ते.

तुझ्या लॅबमधून माझ्या रक्ताचा कागद परवा आला. सीए-१२५, आकडा बारा. गेल्या वर्षी ऑपरेशनच्या आधी हाच आकडा आठशे साठ होता, आठवतं ना? तूच मला समजावलं होतंस की अंडाशयातला कॅन्सर रक्तात एक खूण सोडतो, ती खूण मोजायची, पस्तिसाच्या आत असली तर ठीक, चढू लागली तर तो परत येतोय असं समजायचं. सहा वेळा ते औषध शिरेतून घेतलं, तेव्हा कुठे बारा झाला. तू कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हसरा चेहरा काढला होतास. मीही हसले.

आता पुढचं ऐक. फेबियनला इंग्रजी येत नाही, पण आकडा वाचता येतो. त्याने कागद उजेडात धरला. "बारा? म्हंजे बरी झालीस?" मी हो म्हटलं. त्याने कागदाची नीट घडी घालून कपाटावरच्या सायबीणमातेच्या तसबिरीमागे ठेवली, परत आला आणि कानाखाली अशी दिली की डाव्या कानातून अजून पाणी येतंय. चौदा महिन्यांपूर्वी मी मासळीबाजारात कुणाशी तरी हसून बोलले होते म्हणे. चौदा महिने त्याने ते जपून ठेवलं होतं.

आजारपणात त्याने मला बोट लावलं नाही हे तुला ठाऊक आहे. त्यात प्रेम नव्हतं, लते. त्याच्या बापाने तापाने फणफणलेल्या बायकोला मारलं आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. सगळं गाव म्हाताऱ्याला मरेपर्यंत बायकोमाऱ्या म्हणत होतं. ते नाव आपल्याला लागू नये एवढीच फेबियनची भीती. मरणाऱ्या बाईला तो मारत नाही. बऱ्या बाईचं काय, ती आहेच.

म्हणून मागते. पुढच्या वेळी कागदावर मोठा आकडा लिही.

तुझी,
मार्था


गोरेगाव,
२२ जून १९९८

मार्था,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग संतापले. संताप फेबियनवर आहे, पण थोडा तुझ्यावरही आहे.

वसईहून बर्फाच्या डब्यातून रक्त येतं, त्यामागे एक माणूस असतं आणि त्या माणसाचं पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. मी लिहिलेला आकडा बघून डॉक्टर विष टोचतात, बाई! आठ वर्षं मी हे काम करते आहे. एका नळीवरचं नाव पुसट असलं तरी मी परत रक्त मागवते. माझ्या अण्णांनी वर्गात तुला आणि मला एकाच बाकावर बसवून शुद्धलेखन शिकवलं ते खोटं लिहिण्यासाठी नाही.

तू फादरना सांग. चौकीत जा. मार खाणं बंद करायचे सरळ मार्ग आहेत, ते आधी करून बघ. कान दाखवून ये.

लतिका


वसई,
२ ऑगस्ट १९९८

प्रिय लतिका,

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे.

तुझे सरळ मार्ग केले. फादर आले, चर्चमधली मिस्सा आटपून, दुपारी बारा वाजता. चहा प्याले, केळी खाल्ली, फेबियनच्या खांद्यावर हात ठेवून कुटुंबातल्या शांतीवर बोलले. फेबियनने डोळ्यांत पाणी आणलं. फाटकापर्यंत पोचवायला गेला, परत येताना फावड्याचा दांडा घेऊनच आला. "घरातला चर्चमध्ये नेतेस?" पहिला फटका पाठीवर, दुसरा मी डोक्यावर हात धरला म्हणून हातावर. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. तिसऱ्याला ब्रेंडा मध्ये पडली, तर तिच्या दंडावर काळंनिळं उठलं. माझी बारावीची पोर, कॉलेजात लांब बाह्या घालून जाते आहे.

चौकीतही गेले. हवालदाराने बोटं पाहिली आणि विचारलं, जेवण वेळेवर देतेस का? बोटांना प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला मी नेहमीचंच सांगितलं, विहिरीवर घसरले. वीस वर्षांत मी त्या विहिरीवर इतक्यांदा घसरले आहे की डॉक्टरला वाटत असेल आमची विहीर तेलाने भरलेली आहे.

पोटावर टाक्यांची वीत-दीड वीत रेघ आहे. तिथे एकदा बसला तर काय होईल, हे तू शिकलेली आहेस, तूच सांग. तुझ्या आकड्याने डॉक्टर विष टोचतात म्हणालीस. माझ्या घरी त्याच आकड्याने दांडा उठतो. तो तू लिहिलेलाच आहे ना?

मार्था


गोरेगाव,
२० सप्टेंबर १९९८

मार्था,

सोबत दोन कागद आहेत.

एक खरा. आकडा नऊ. त्याची दुसरी प्रत मी स्वतः तुझ्या डॉक्टरांना पोस्टाने पाठवली आहे आणि यापुढेही दरवेळी पाठवीन. दुसरा घरचा. त्यावर तीनशे बारा आहे. तो मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे खात असताना टाइप केला.

अटी ऐक. घरचा कागद फेबियनशिवाय कुणाच्या नजरेस पडायचा नाही. डॉक्टरांना तर कधीच नाही. खरा कागद मनोरमा टीचरकडे ठेव. फेबियन डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर येत नाही हे नक्की ना?

हे करताना मला शरम वाटली. तुझं डाव्या हाताचं अक्षर समोर ठेवलं आणि मग वाटेनाशी झाली.

लतिका


वसई,
१० जानेवारी १९९९

प्रिय लतिका,

नाताळच्या उशिरा शुभेच्छा. तू भली बाई आहेस, आणि मी सध्या राणी आहे.

डॉक्टरांकडे तो येत नाही, काळजी करू नकोस. औषधांच्या वासाने त्याला घेरी येते. तीनशे बारा बघितला आणि बोटांवर मोजू लागला. "तीनशे बारा म्हंजे तीनशे बारा दिवस काय?" मी म्हटलं, देव जाणे. तेव्हापासून पाणी तो काढतो, भात तो निवडतो, मला शहाळं तोडून देतो. शेजारणी म्हणतात, फेबियनसारखा नवरा मिळायला पुण्य लागतं. मी म्हणते, पुण्य नाही गो, तीनशे लागतात.

केस परत आलेत, पण मी ते कात्रीने बारीकच ठेवते. त्याला वाटतं, उगवतच नाहीत.

हात मात्र त्याचे शिवशिवतात. स्टेशनवर एका रिक्षावाल्याचे दोन दात पाडून आला. नाताळचा डुक्कर त्यानेच मारला. एका घावात मरायचा तर सात घाव घातले. प्रत्येक घावाला माझ्याकडे बघत होता. वाडीतल्या उभ्या केळी कारण नसताना कोयत्याने सपासप तोडतो. मी पायरीवर बसून मोजते. एक केळ म्हणजे माझी एक रात्र वाचली असं धरते. ब्रेंडा अभ्यास करते आहे. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचंय. ती सुटली की मी सुटले. एवढंच मागणं आहे माझं, बाकी काही नाही.

तुझी राणी,
मार्था


गोरेगाव,
१६ फेब्रुवारी १९९९

मार्था,

घरचा कागद सोबत आहे, तीनशे चाळीस.

खरा नीट वाच. सतरा. पस्तिसाच्या आत आहे, छापील नियमाप्रमाणे ठीकच आहे. पण मी नुसता एक आकडा बघत नाही, त्याची चाल बघते. बारा, नऊ, अकरा आणि आता सतरा. मला ही चाल आवडलेली नाही. कधी कधी पोटात काही दुखायच्या, दिसायच्या तीन-चार महिने आधीच रक्त सांगून ठेवतं. एप्रिलमध्ये परत रक्त दे. चुकवू नकोस, तुला माझी शपथ आहे.

लतिका


वसई,
१८ एप्रिल १९९९

लतिका,

रक्त काल दिलं. एव्हरशाईन सिटीतल्या तुमच्या लॅबच्या माणसाने घेतलं. पण आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपण दोघींनी मोठी चूक केली.

आमच्याकडे घरात मरण झालं की वर्षभर काळं. वर्षभर त्या घरात लग्न नाही, बॅंड नाही, काही नाही. फेबियन आकडे मोजत बसला होता. तीनशे बारा, तीनशे चाळीस, म्हणजे बाई जाणार. मग पोरीचं अडेल. म्हणून उपासकाळ चालू असतानाच त्याने बोलणी केली आणि ईस्टर झाल्याबरोबर सोयरीक पक्की करून आला. ९ मे तारीख धरली आहे. मला सांगितलं ते डोळे पुसत सांगितलं. "तुझ्या डोळ्यांदेखत व्हावा म्हनून करतो."

मुलगा कॉन्रॅड. वय तेहतीस, सातिवलीला गाळा आहे, पत्रा कापायची यंत्रं. काल जेवायला आले होते. त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातून पेला सांडला. त्याने वळूनही बघितलं नाही, बसल्या जागेवरून उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारली. अंगठी लागून ओठ फाटला, रक्त तिच्या पांढऱ्या झग्यावर गळलं. ती "सॉरी दादा" म्हणाली. टेबलावरचे पुरुष हसले. फेबियन सगळ्यांत मोठ्याने हसला, जावई पसंत पडल्यासारखा. ब्रेंडा माझ्याकडे बघत होती. मी ओळखते ती नजर, वीस वर्षांपूर्वी आरशात बघितली आहे.

मी मार चुकवायला आकडा मागितला आणि तो मार सरकून माझ्या पोरीच्या दारात गेला. आता उलटं कर. खरा आकडा पाठव. तो लहानच असेल. त्याला कळू दे मी बरी आहे, घाई नाही. मला मारील. मारू दे.

मार्था


गोरेगाव,
२३ एप्रिल १९९९

मार्था,

खाली बस, मग वाच.

खरा आकडा एकसष्ट आहे. मी तो तीनदा लावला. आजार परत येतोय, गं. डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं आहे. ते म्हणतात ताबडतोब सोनोग्राफी, आणि बहुतेक परत सलाइनमधून औषध. परत केस जातील.

म्हणजे आता खरं सांगितलं तरी लग्न होतं आणि खोटं मोठं सांगितलं तरी होतं. सात महिने मी खोटा आजार लिहीत होते, तो खरा झाला. मला रोज वाटतंय मीच ओढवून घेतलं. विज्ञानात असं काही नसतं हे मला कळतं, तरी वाटतं.

सोबत दोन्ही कागद आहेत, एकसष्ट आणि अकरा. मी ठरवू शकत नाही. पण अकरा दाखवलास तर औषध कसं घेणार? केस गेले की त्याला कळेल. आणि औषध नाही घेतलंस तर काय होतं ते मी तुला सांगायला नको.

तू माझ्याकडे निघून ये. दोघी या.

लतिका


वसई,
२५ मे १९९९

प्रिय लतिका,

अकरा दाखवला.

वाडीत नाचला! कोंबडी कापली, दोन बाटल्या आणल्या, कॉन्रॅडच्या घरी जाऊन सांगून आला की घाई नाही, पुढच्या वर्षी नाताळानंतर धूमधडाक्यात करू. ९ मे टळली. त्या रविवारी मिस्सामध्ये मी इतकी मनापासून गायले की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

मग सोमवारी सकाळी हिशेब सुरू झाला. आठ महिन्यांचा साठलेला. शहाळी पाजली त्याचा, पाणी काढलं त्याचा. न्हाणीच्या दगडावर पाडून पोटात लाथा घातल्या, बरोब्बर टाक्यांच्या रेघेवर. एकदा, दोनदा, मग मी मोजलं नाही. तोंडात आपलंच रक्त आलं की खारट लागतं, रागावण्यासारखं काही नसतं त्यात, फक्त थुंकायचं असतं. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरला सांगितलं, विहिरीवर घसरले.

निघून ये म्हणालीस. आम्ही दोघी एकदम गेलो तर तो संध्याकाळच्या आत तुझ्या दारात येईल, कोयता घेऊन. मी इथे असले तर त्याला वाटेल पोर परत येणार. ब्रेंडाला तुमच्या इथल्या हॉस्पिटलात नर्सिंगची जागा मिळते आहे, वसतिगृहासकट. जुलैमध्ये सुरू. तोवर मी बरी असायला हवी. औषध जुलैनंतर घेईन. ओरडू नकोस.

मार्था


गोरेगाव,
२४ जून १९९९

मार्था,

ओरडणार. तू हट्टी आहेस, मूर्ख आहेस, आणि तुझ्याजागी मी असते तर काय केलं असतं हे मला माहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यातलं रक्त एकशेनव्वद आलं. डॉक्टरांना प्रत पाठवली, तुला कळवलं नाही. पोटाच्या आतलं आवरण माराने सुजलं तरी हा आकडा वाढू शकतो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, लाथांमुळेच वाढलेला असू दे. अशी प्रार्थना मला करावी लागली, मार्था. त्या माणसाच्या लाथांची! म्हणून दोन आठवडे थांबून परत रक्त मागवलं. सूज असती तर उतरला असता. तीनशे चाळीस आलाय.

फेब्रुवारीत मी घरच्या कागदावर लिहिलेला हाच आकडा. टाइप केलेली प्रत समोर ठेवून कितीतरी वेळ बसले होते.

लॅबच्या मोठ्या सरांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, कोरे कागद यापुढे त्यांच्या कपाटात राहतील आणि माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरवतील. माझी तक्रार नाही. यापुढे घरचा कागद निघणार नाही.

ब्रेंडाला १ जुलैला इथे पाठव. मी स्टेशनवर उभी राहीन. पोट फुगायला लागलंय का? खरं लिही.

लतिका


वसई,
१८ जुलै १९९९

प्रिय लतिका,

पोट फुगलंय. सातव्या महिन्याचं दिसतं. ब्रेंडा पोटात होती तेव्हा असंच होतं, म्हणून तसा परका पाहुणा वाटत नाही.

ब्रेंडा तुझ्याकडे नीट पोचली, तिने वसतिगृहातून मनोरमा टीचरकडे फोन केला होता. टोपी कशी लावायची ते शिकवलं म्हणाली. मी फोनवर नुसतं "हां, हां" केलं.

फेबियनला वाटलं होतं ती निर्मळला मावशीकडे गेली आहे. परवा कॉन्रॅडने त्याला खरं सांगितलं. सकाळी नऊचा सुमार, मी विहिरीवर भांडी घासत होते. फावड्याचा दांडा घेऊन आला. मी उठले आणि पहिल्यांदाच त्याला खरं सांगितलं. म्हटलं, फेबियन, आजार परत आलाय, आकडा तीनशे चाळीस आहे, पोट बघ माझं. पदराखालून तुझा खरा कागद काढून त्याच्यापुढे धरला.

हसला गं तो. "आता परत आकडा दाखवतेस? पोरीला पळवलीस आनि आता मरनाचा सोंग?" आठ महिने खोट्या तीनशेंना घाबरून शहाळी सोलत होता आणि खरे तीनशे चाळीस त्याने चुरगळून विहिरीत फेकले. तेव्हा मला कळलं, कागदाने त्याचा हात कधीच धरला नव्हता. हात त्याचाच होता, धरायचाही त्यानेच होता.

दांडा खांद्यावर बसला. मी पडले नाही. मग त्याने दांडा टाकला आणि केस धरायला हात घातला, नेहमी तसंच करतो, केस धरून दगडापर्यंत नेतो. पण मी ते कात्रीने बारीकच ठेवलेत, धरायला केस कुठे आहेत? बोटं निसटली. ओल्या दगडावर त्याचा तोल गेला आणि तो गुडघ्यावर आला. दांडा माझ्या पायाशीच होता.

मी तो दोन्ही हातांनी उचलला. मोडलेली बोटं नीट वळत नाहीत, तरी धरला. त्याने उजवा हात डोक्यावर धरला, जसा मी धरायचे. मी त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ओळखीचा आहे, बाहेरून पहिल्यांदा ऐकला. दुसरा घालायला दांडा वर नेला होता. तो ओरडला नाही, कुत्र्यासारखा कण्हला. तोंडावर घालावा असं फार, फार वाटलं, लते. तुझ्याशी काय खोटं बोलू. मग पोटातून अशी कळ आली की दांडा टेकून उभी राहिले. तो जगला तो माझ्या दुखण्यामुळे.

एकाच रिक्षातून आम्ही त्याच प्लास्टरवाल्या डॉक्टरकडे गेलो. तो पुढच्या बाजूला तोंड करून बसला होता, मी दांडा मांडीवर आडवा घेतला होता. डॉक्टरने विचारलं, हात कसा मोडला? फेबियन जमिनीकडे बघत म्हणाला, "विहिरीवर घसरलो."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, फार घसरडी आहे.

सोमवारपासून मी सलाइन घेणार आहे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात उशीर केलास, आता आकडा किती उतरेल सांगता येत नाही. उतरेल तेवढा उतरू दे. ब्रेंडाला तू खरं सांग, सगळं, तिला आता ते शिकायचंच आहे. आणि पुढचा कागद मनोरमा टीचरकडे नको, सरळ आमच्या घरच्या पत्त्यावर पाठव, खराच. फेबियनचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. पाकीट आता मी फोडते.

तुझी,
मार्था